बाहत्तर सालचा घडीचा कॅमेरा

परवा लातूरला एका मित्राच्या घरी माळा आवरताना चामडं लावलेली चपटी पेटी निघाली. जाड डायरीएवढी. वरचा भाग धरून ओढला की खटकन कॅमेरा उभा! पोलरॉइड एसएक्स-७०. त्याच्या वडिलांनी आखातातल्या नोकरीवरून येताना आणलेला.

हा कॅमेरा अमेरिकेत आला १९७२ मध्ये. आपल्याकडं बाहत्तर म्हटलं की दुष्काळच आठवतो. खडी फोडणं, सुकडी. त्याच वर्षी तिकडं याची किंमत १८० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण साडेतेराशे रुपये. आपल्याकडच्या किती घरांत त्या सालातला एक तरी फोटो आहे, विचारून बघा.

कॅमेरा बनवणारा एडविन लँड. १९४३ मध्ये त्याच्या लहान मुलीनं विचारलं, काढलेला फोटो लगेच का दिसत नाही? १९४८ ला त्याचा पहिला कॅमेरा विकायला आला. तोही घडीचाच, पण चांगलाच जड, आणि फोटोवरचा कागद सोलून काढावा लागे. एसएक्स-७० नं ती कटकट संपवली. बटण दाबलं की मोटर फोटो बाहेर ढकलते. दोन रुळांमधून जाताना पांढऱ्या पट्टीतली रसायनाची पुडी फुटते आणि आत पसरते. त्या रसायनातच उजेड अडवणारा रंग असतो, तो हळूहळू नाहीसा होतो आणि चित्र वर येतं. म्हणजे डार्करूम कागदाच्या पोटातच! (फोटो हवेत हलवायचे लोक, त्यानं काही होत नाही.)

बॅटरीही कॅमेऱ्यात नाही, फिल्मच्या पाकिटात (तेव्हा त्यात दहा फोटो असत). त्यामुळं २००८ मध्ये कंपनीनं फिल्म थांबवली तसे हे कॅमेरे मेलेच होते. नेदरलँड्समधला कारखाना काही वेड्यांनी वाचवला, २०१० पासून फिल्म पुन्हा मिळू लागली.

पण या फोटोची निगेटिव्ह त्याच्याच आत कायमची बंद. दुसरी प्रत काढायची सोय नाही. मित्राची चुलती किल्लारीच्या भूकंपात गेली, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. घरातल्या तसबिरी ढिगाऱ्याखाली गेल्या. लग्नाचा फोटो स्टुडिओतला होता, निगेटिव्ह सापडली म्हणून पुन्हा धुऊन मिळाला. या कॅमेऱ्यानं काढलेला, अंगणात हसतानाचा, तो मात्र गेला तो गेलाच.

आणि आपण त्या निगेटिव्हचं काय करतोय? मागच्या महिन्यात नांदेडला बंद पडलेल्या एका स्टुडिओचे खोके भंगाराच्या गाड्यावर चढताना मी पाहिले. तीसेक वर्षांची लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं किलोच्या भावात. मालकाचा तरी काय दोष, भाडं कोण भरणार? हे खोके विद्यापीठानं, नाहीतर जिल्हा ग्रंथालयानं तरी ठेवून घ्यावेत. एक खोली पुरेल.

तुमच्या गावात असा स्टुडिओ बंद होत असेल तर कमेंटमध्ये कळवा. भंगारवाल्याच्या आधी पोचायचा प्रयत्न करतो.