फ्लीट तुरुंगाचा सौदा
लंडनच्या फ्लीट तुरुंगाचे वॉर्डनपद आपल्याकडच्या वतनासारखेच विकाऊ होते. १७२८ मध्ये जॉन हगिन्सने ते ५,००० पौंडांना थॉमस बॅम्ब्रिज व त्याच्या भागीदाराला विकले. ही रक्कम वसूल व्हायची ती कैद्यांकडून, आणि कैदी बहुतांशी कर्जबाजारी! खोलीचे शुल्क, बिछान्याचे शुल्क. प्राचीन रोमन प्रासादांवर ग्रंथ लिहिणारा वास्तुविद रॉबर्ट कॅस्टेल ते देऊ शकला नाही. देवीची साथ असलेल्या घरात त्याला डांबण्यात आले. तेथेच तो वारला.

त्याचा मित्र जेम्स ऑगलथॉर्प संसद सदस्य होता. १७२९ मध्ये त्याच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने तुरुंगांची चौकशी केली. विल्यम होगार्थने बॅम्ब्रिजच्या तपासणीचे चित्र रंगवले. खुनाच्या आरोपातून बॅम्ब्रिज सुटला, पण कायदा करून त्याचे पद काढून घेण्यात आले. शुल्काची पद्धत मात्र पुढेही चालू राहिली.