छापील पानापासून मोबाईलपर्यंत : शाळेबाहेरच्या शिक्षकांचे ऋण

५ सप्टेंबरला शाळाशाळांतून फुले आणि भाषणे होतात. फुले-आंबेडकरी चळवळीतले आपण मात्र ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, शिक्षक दिन मानतो. तारीख बदलली हे योग्यच झाले. पण शिक्षक कोणाला म्हणायचे, ही व्याख्या आपण बदलली का?

आज बाबासाहेबांच्या खंडांवर दर आठवड्याला लिहिणारे, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स फुकट वाटणारे, मोबाईलवर धडे रेकॉर्ड करून वाडीवस्तीपर्यंत पोहोचवणारे कितीतरी तरुण-तरुणी आहेत. त्यांना आपण 'सोशल मीडियावरची पोरं' म्हणून बाजूला सारतो. माझे म्हणणे असे, की हीच आपली खरी शिक्षक-परंपरा आहे. शाळेने दार बंद केले तेव्हा आपल्या माणसांनी छापील कागदाची शाळा केली.

सुरुवात एका विद्यार्थिनीपासून करू. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. तो निबंध वहीत राहिला असता तर परीक्षकापुरता उरला असता. छापला गेला म्हणून आज पावणेदोनशे वर्षांनीही तो आपल्याला शिकवतो आहे.

दुसरे नाव आपल्या कोकणातले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. लष्करातून १८८६ साली निवृत्त होऊन ते दापोलीला राहिले. त्या काळी दापोली काय नि आमचे मालवण काय, दोन्ही एकाच रत्नागिरी जिल्ह्यात. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. पेन्शन घेऊन गप्प बसता आले असते. पण त्यांनी 'दीनबंधू'मध्ये लेख लिहिले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढून अस्पृश्यता मानणाऱ्यांनाच प्रश्न विचारले. हातात खडू नाही, समोर वर्ग नाही, तरी हा माणूस शिक्षकच होता. लष्करातल्या शिक्षणाने जे मिळाले ते त्याने आपल्यापुरते ठेवले नाही.

मग बाबासाहेब. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. पुढे 'समता', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. परदेशातून पदव्या घेऊन आलेला हा प्राध्यापक आपले ज्ञान कॉलेजच्या चार भिंतींत ठेवू शकला असता. त्याऐवजी 'बहिष्कृत भारत'चे चोवीस-चोवीस रकाने ते एकटे लिहीत होते. सत्याग्रह का, कायदा काय सांगतो, धर्मग्रंथात काय लिहिले आहे, हे सगळे ते मराठीत, साध्या माणसाला कळेल असे मांडत होते. जगातल्या विद्यापीठांत मिळवलेले ज्ञान गिरणी कामगाराच्या चाळीपर्यंत नेणे, यापेक्षा मोठी शिकवणी कोणती?

पण या इतिहासाची दुसरी बाजू आपण जयंतीच्या भाषणात सांगत नाही. 'मूकनायक' १९२३ साली बंद पडले. 'बहिष्कृत भारत' १९२९ साली थांबले. विचार कमी पडले म्हणून नव्हे, पैसे आणि हात कमी पडले म्हणून. पत्राच्या डोक्यावरचे कर्ज हे समाजाचे कर्ज नाही का, असा प्रश्न बाबासाहेबांना आपल्याच लोकांना विचारावा लागला. टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते, वर्गणी भरणारे थोडे.

आज वेगळे काय आहे? आपण अंगठा दाखवतो आणि पुढे सरकतो. शिकवणारी मुलगी रात्री घरकाम आटोपून, रेंज मिळेल तिथे फोन धरून धडा चढवते. तिचा नेटपॅक कोण भरतो, हे कोणी विचारत नाही. सहा महिन्यांनी ती थांबते, आणि आपण म्हणतो, 'आजकाल कोणी टिकून काम करत नाही.'

आपल्याकडूनही एक चूक होते आहे. आमच्या विहारातल्या रविवारच्या वाचन वर्गात एका मुलाने मोबाईलवरून बाबासाहेबांचे म्हणून एक वाक्य वाचले. मी विचारले, कुठल्या खंडात, कुठल्या पानावर? खोलीत कोणालाच सांगता आले नाही. मलाही नाही. बाबासाहेब तारीख देत, ग्रंथ सांगत, विरोधकाचे म्हणणे आधी मांडून मग खोडत. त्यांच्या फोटोखाली कोणतेही वाक्य चिकटवणे ही त्यांची परंपरा नव्हे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले खंड आज फोनवर उघडता येतात. मग खंड आणि पान लिहायला दोन मिनिटे का लागू नयेत?

म्हणून साथींनो, या शिक्षकांचा गौरव हारतुऱ्यांनी करू नका. तीन गोष्टी करा. जे शिकवतात त्यांच्या खर्चाला महिन्याला शंभर-पन्नास रुपये वाडीने मिळून द्या. त्यांचा लेख फॉरवर्ड करण्याआधी स्वतः पूर्ण वाचा आणि चूक असेल तर त्यांनाच कळवा. आणि ज्या आजीकडे फोन नाही, जिला अक्षर येत नाही, तिला तो वाचून दाखवा. विचार शेवटच्या घरापर्यंत गेला नाही, तर कागद बदलून मोबाईल आला एवढेच म्हणता येईल.

वलंगकरांनी पेन्शनीत गप्प बसायचे नाकारले. आपल्याकडे तर खिशात अख्खा छापखाना आहे.

जय भीम!