चित्राखालचा दगड

जपानी चित्रकार हिरोशिगे याची तोकाइदो रस्त्यावरील मुक्कामांची निसर्गचित्रे 1833-34 च्या सुमारास लाकडी ठशांनी छापली गेली. भांडवल प्रकाशकाचे, रेखाटन चित्रकाराचे. चेरीच्या लाकडावर ठसा कोरणारा वेगळा आणि छापणारा आणखी वेगळा. अशा चित्रांतला गडद निळा रंगही मूळचा बर्लिनचा. आपल्याला आठवते ते नाव मात्र एकट्या चित्रकाराचे.

हाच हिशेब पुण्यातही मांडून पाहू. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह 1878 मध्ये येथे चित्रशाळा काढली. देवादिकांची आणि नाना फडणवीसांसारख्या इतिहासपुरुषांची तिची रंगीत चित्रे घरोघरी भिंतींवर लागली. ही छपाई दगडावरची, म्हणजे शिळाछाप. आलोइस झेनेफेल्डर याने ती 1796 च्या सुमारास बव्हेरियात शोधली.

दगडच का? त्यासाठी लागतो बारीक कणांचा चुनखडक. त्यावर तेलकट शाईने चित्र काढले, की शाईतील मेदाम्ले आणि दगडातील कॅल्शियम मिळून न विरघळणारा साबण बनतो. दुष्फेन पाण्यात साबणाचा जो साका बसतो, तोच हा पदार्थ! उरलेल्या भागावर सौम्य आम्ल व डिंक लावून दगड ओला करतात. तिथे पाणी टिकते, म्हणून तेलकट शाई चित्रापुरतीच चिकटते.

पुण्याच्या पायाखाली सगळीकडे काळा बेसाल्ट. त्यात चुनखडकाचा हा गुण नाही. म्हणून छपाईचा दगड बाहेरूनच आणावा लागे. उत्तम दगड बव्हेरियातील सोलनहोफेनचा समजला जाई. पुण्याच्या भिंतीवरचे चित्र असे दूरच्या खाणीशी आणि व्यापाराशी जोडलेले होते.

शिवाय प्रत्येक रंगाला वेगळा दगड. रेषा उलटी काढायची, दगड ओला ठेवायचा, कागद नेमक्या जागी बसवायचा. रंग केसभर सरकला तरी चेहरा बिघडे. काम संपले, की वाळू आणि पाणी घालून दगड घासत व त्यावर नवे चित्र काढत. किमती दगड वाया जात नसे, पण कारागिराच्या हातची मूळ रेषा कायमची पुसली जाई. ती रेषा काढणाऱ्यांची, दगड घासणाऱ्यांची नावे इतिहासात फारशी उरली नाहीत.

जुने छापील चित्र वर्गात दाखवताना ‘हे कोणी काढले?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘कशावर छापले, तो माल कुठून आला, किती हातांनी काम केले?’ हेही विचारावे. मग रसायन, भूगोल आणि इतिहास एकाच कागदावर भेटतात.