रिबेका बूनची मूठमाती

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत परदेशातल्या थडग्याची हकीकत कशाला, असे एखादी भगिनी विचारील. पण अमेरिकेच्या सरहद्दीवर वसाहत करणाऱ्या डॅनियल बूनचे नाव ज्यांच्या कानावर आहे, त्यांतल्या कितीजणींना त्याच्या बायकोचे नाव ठाऊक असेल? मलाही ते नव्हते.

रिबेका ब्रायनचे लग्न १७५६ साली, सतराव्या वर्षी झाले. नवरा शिकारी. १७६९ साली केंटकीच्या रानात गेला तो जवळजवळ दोन वर्षांनी परतला. पुढे मुले दहा झाली. ती, शेत, गुरे, सारे हिच्याच अंगावर. १७७३ साली केंटकीला बिऱ्हाड हलवताना वाटेतच थोरला जेम्स मारला गेला. तरी १७७५ साली ती बून्सबरोच्या गढीत राहायला गेलीच! पुढच्याच वर्षी तेरा वर्षांच्या जेमायमाला शॉनी व चेरोकी लोकांनी नदीवरून पळवून नेले. पोरगी धीराची, वाटेत फांद्या मोडून खुणा ठेवीत गेली. तिसऱ्या दिवशी बापाने तिला सोडवली. १७७८ साली खुद्द नवराच शॉनींच्या कैदेत पडला. तो मेला असे समजून रिबेका मुलांसह माहेरच्या मुलखात परतली; जेमायमा मात्र गढीतच वाट पाहत राहिली. १७८२ साली ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा इझ्रायल पडला. शॉनींनीही आपली शिकारीची भूमी आणि मुले गमावली. त्यांच्या आयांची नावे मला कुठे वाचायला मिळाली नाहीत.

एवढे सोसूनही केंटकीतली जमीन कागदपत्रांच्या घोळात गेली. १७९९ साली कुटुंब मिसूरीत आले. तेथे १८१३ साली रिबेका वारली. मार्थाजव्हिलजवळच्या दफनभूमीत तिला मूठमाती दिली; १८२० साली डॅनियललाही तेथेच.

१८४५ साली केंटकीची मंडळी आली आणि दोघांच्या अस्थी उकरून फ्रँकफर्टला घेऊन गेली. जित्या माणसाला जमीन पुरविता आली नाही, अस्थींसाठी मात्र मिरवणूक! त्या अस्थी डॅनियलच्याच का, हा वाद मात्र मिटला नाही. कित्येक वर्षे त्या थडग्यांवर दगड नव्हता, आणि शेजारीच गुलामांनाही पुरलेले होते. १९८३ साली कवटीच्या जुन्या प्लास्टरच्या साच्यावरून एका तज्ज्ञाने ती आफ्रिकी वंशाच्या माणसाची असावी असे म्हटले. साच्यावरून तसे ठरविता येत नाही असे इतरांचे मत. आजही दोन्ही गावे थडगे आपलेच म्हणतात.

फ्रँकफर्टच्या स्मारकावर दगडात प्रसंग कोरले आहेत. त्यांतल्या एकात रिबेका आहे. ती गाईची धार काढीत बसली आहे.