अंजूरचे नाईक आणि साष्टीची मोहीम

कोपरीच्या बाजूने खाडीकडे पाहिलं की पलीकडे कळवा आणि पारसिकचा डोंगर दिसतो. तीनशे वर्षांपूर्वी ही खाडी म्हणजे दोन राज्यांची सीमा होती. इकडे साष्टी बेटावर पोर्तुगीज, तिकडे कल्याण-भिवंडीला मराठे.

वसईचा मुलूख पोर्तुगीजांना १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाला. त्यांचा एक कायदा आपल्याला चटकन कळेल. १५५९ साली पोर्तुगालहून हुकूम आला, की ज्याला आईबाप, आजा-आजी कुणीच नाही असं हिंदू मूल पाद्र्यांच्या हवाली करून ख्रिस्ती करावं. पुढे नुसता बाप मेला तरी मूल नेऊ लागले. आई जिवंत असतानाही! म्हणजे घरात नवऱ्याचं सुतक, आणि बाईला घोर पोराला लपवायचं कुठे याचा. किती कुटुंबांनी या धास्तीने मुलूख सोडला.

भिवंडीजवळच्या अंजूरचं नाईक घराणं या जाचाविरुद्ध उभं राहिलं. गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पेशव्यांकडे खेपा घालत राहिले. घराण्याच्या हकिकतीत त्यांचं कौतुक भरपूर आहे. ते थोडं कमी करून वाचावं. पण खाडीचे उतार, गावं, माणसं यांची माहिती पुण्याच्या फौजेला कुठली असणार? ती या स्थानिक मंडळींकडूनच मिळाली. मार्च १७३७ मध्ये मराठे खाडी उतरले. ठाण्याचा किल्ला तेव्हा अर्धाच बांधून झाला होता. तो पडला. आज तिथे ठाण्याचा तुरुंग आहे.

मोहिमेचे मुख्य होते बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ठाणं परत घ्यायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा सेनापतीच मारला गेला. मे १७३९ मध्ये वसई पडली. त्या वेढ्यात मराठ्यांची पाच हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. एवढ्या घरांतल्या बायकांचं काय झालं, ते कुठल्याच बखरीत नाही.

युरोपात १०९५ साली पोपने सरदारांना जेरुसलेमवर चालून जायची हाक दिली होती. त्या लढायांना क्रूसेड म्हणतात. वसईची मोहीमही तसलीच होती का? मला विचाराल तर अर्धीच. धर्माचा जाच हे कारण खरं, पण साष्टीचा वसूल आणि बंदरंही हवीच होती. चर्चची नासधूस झाली, वसईकडच्या घंटा मेणवलीला, नाशिकला देवळांत गेल्या. पण १०९९ साली जेरुसलेम पडलं तेव्हा आतल्या लोकांची कत्तल झाली. वसईत तसं झालं नाही. तहात पोर्तुगीजांना मानाने बाहेर पडू दिलं, आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मुभा दिली.

राहिले ते बहुतेक इथलेच, शेतकरी आणि कोळी. आजही वसईकडच्या कित्येक ख्रिस्ती आज्या लुगडं नेसतात, आणि घरात कादोडी बोलतात.