अनामत, फसाद आणि ओंजळभर पाणी

जावाच्या ईशान्येला मदुरा नावाचे बेट आहे. चुनखडीची जमीन, मिठागरे, पाण्याची कायमची ओढ. शिवाय बैलांच्या शर्यतींचा नाद असा, की आपल्याकडच्या शंकरपटवाल्यांना तिथे परके वाटू नये. या बेटावर गुलुक-गुलुक गावी १८८७ साली सुरू झालेला ‘अन्नुकाया’ हा निवासी मदरसा आहे. पर्यावरणरक्षणाच्या कामाबद्दल १९८१ साली त्याला इंडोनेशियाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराचे नाव ‘कल्पतरू’. इस्लामी पाठशाळेला मुस्लिमबहुल देशाच्या सरकारने दिलेले हे बक्षीस नावाने थेट आपल्या पुराणांतले आहे, आणि तिथे कुणाला त्यात खटकण्यासारखे काही वाटत नाही.

अशा मदरशाला तिकडे ‘पेसान्त्रेन’ म्हणतात. विद्यार्थी तो ‘सांत्री’. त्याच्या पुढेमागे प्रत्यय लागून ‘सांत्रींची राहण्याची जागा’ असा शब्द झाला. सांत्रीचे मूळ ‘शास्त्री’ असे एक मत आहे, तर काही अभ्यासक ते तमिळमध्ये शोधतात. मला शास्त्री पटतो, पण पैज लावणार नाही.

या पेसान्त्रेनमध्ये झाडे, पाणी, कचरा याविषयी मुलांना जे शिकवतात, त्याची परिभाषा बहुतेक अरबी आहे. मौज अशी की त्यातले निम्मे शब्द मराठी माणूस रोज वापरतो, फक्त वेगळ्या कामाला. पहिला शब्द ‘अमाना’. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली आणि मागेल तेव्हा जशीच्या तशी परत करायची वस्तू. फारसीतून तो ‘अमानत’ होऊन आला आणि मराठीच्या तोंडी म-न ची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झाला. ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ आणि ‘मतलब’चे ‘मतबल’ करणाऱ्या जिभेला हे अवघड नव्हते. कुराणात सांगितले आहे की ही अमानत आधी आकाश, पृथ्वी आणि पर्वतांपुढे ठेवली. त्यांनी घाबरून नकार दिला, माणसाने मात्र ती उचलली. पृथ्वी आपल्या मालकीची नाही, ठेव आहे, हा अर्थ आजचे शिक्षक यातूनच काढतात. अनामत म्हटले की मराठी माणसाला आधी आठवते ती निवडणुकीत जप्त होणारी. या संदर्भात तीही काही गैरलागू नाही.

याच वर्गात दुसरा शब्द हमखास येतो, ‘खलिफा’. माणूस हा पृथ्वीवरचा ईश्वराचा खलिफा, म्हणून तिची देखभाल त्याच्याकडे. गेल्या काही दशकांत इस्लामी पर्यावरणविचारात हा शब्द इतका वापरला गेला आहे की आता तो गुळगुळीत झाला आहे. मुळातला धातू ‘मागून येणे’ या अर्थाचा. खलिफा म्हणजे आधीच्याच्या मागून त्याच्या जागी आलेला, वारस. ‘प्रतिनिधी’ हा अर्थ त्यावर नंतर चढला, आणि तो ईश्वराला लावावा का यावर जुन्या पंडितांत वाद होता. पहिले खलिफा अबू बक्र यांनी स्वतःला ईश्वराचा खलिफा म्हणवून घ्यायला नकार दिला, पैगंबरांचा म्हणा असे सांगितले, अशी परंपरा आहे. मराठीत ‘स्वतःला मोठा खलिफा समजतो’ हे कौतुकाने कुणी म्हणत नाही. निसर्गाच्या बाबतीत माणसाचे नेमके हेच झाले आहे. त्यामुळे मुलांना शिकवायला खलिफापेक्षा अनामत बरी, असे माझे मत.

‘फसाद’ आपण दंग्याला जोडला. अरबीत त्याचा मूळ अर्थ नासणे, कुजणे. अन्न बिघडले तरी तोच धातू. माणसांच्या हातच्या करणीने जमिनीवर आणि समुद्रात फसाद माजला, या अर्थाची कुराणातली आयत इस्लामी पर्यावरणाच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. प्रदूषणाला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. दंगा निवळतो, नासलेले परत ताजे होत नाही.

आता ‘मुबाझिर’. इंडोनेशियात हा घरगुती शब्द आहे. ताटात भात टाकला की आई पोराला म्हणते, मुबाझिर करू नकोस. अरबीत तो ‘मुबझ्झिर’, म्हणजे उधळ्या. त्याचा धातू बी पेरण्याचा, ‘बझ्र’ म्हणजे बी. मुठीने बी फेकत जावे तसा पैसा फेकणारा तो मुबझ्झिर. आपल्या ‘उधळपट्टी’तही हाताची हीच हालचाल आहे.

ही उधळपट्टी सर्वांत स्पष्ट दिसते ती वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, नळावर. माणूस नळ सोडतो, हात धुतो, चूळ भरतो, नाकात पाणी घेतो, चेहरा, कोपरापर्यंत हात. मग मसह, म्हणजे ओला हात डोक्यावरून फिरवतो. या वेळी नळाची गरजच नसते, तरी तो वाहतच असतो. शेवटी पाय. पैगंबर एका ‘मुद्द’ पाण्यात वजू करीत, अशी हदीस, म्हणजे त्यांच्या आचरणाची परंपरेने आलेली नोंद, आहे. मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ, साधारण पाऊण लिटर. नेमक्या मापाबद्दल फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, शाळांत मतभेद आहेत. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वजूला जास्त पाणी वापरू नका, हेही त्यांनीच सांगितले. जुन्या मशिदींतल्या हौदाच्या काठावर बसून ओंजळीने पाणी घेताना हे आपोआप पाळले जाई. ‘हौद’ हाही अरबीच. नळ आला आणि माप गेले. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१० मध्ये शुद्ध केलेले सांडपाणी वजूला चालेल का, यावर फतवा दिला. पाण्याचा रंग, वास, चव पूर्ववत झाली असेल तर चालेल. याच परिषदेने २०१४ मध्ये दुर्मीळ वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा, तर २०१६ मध्ये जंगले जाळण्याविरुद्धचा फतवा काढला.

एका व्युत्पत्तीपासून मात्र सावध राहावे. इंडोनेशियन भाषेत निसर्गाला ‘आलम’ म्हणतात. तोच आपल्या ‘आलम दुनिया’तला. ज्यातून निर्मात्याचे ‘इल्म’ होते तो आलम, असे धर्मपंडित सांगतात. मग आपली पैलवानांची आणि नाटकवाल्यांची ‘तालीम’ही त्याच गोत्राची, आणि निसर्ग हीच शाळा, असा सुरेख पूल बांधता येतो. पण जग या अर्थाचा ‘आलम’ अरबीत आरामाइकमधून आला, असे भाषाभ्यासक म्हणतात. शिकण्याच्या ‘इल्म’शी त्याची सोयरीक नंतर जुळवलेली दिसते.

‘हिमायत’चे तसे नाही. कुणाची बाजू घेणे हा आपला अर्थ. मूळ धातू राखण्याचा. त्याच धातूचा ‘हिमा’ म्हणजे राखीव कुरण. लेबनॉनमध्ये पक्षी आणि पाणथळी वाचवण्यासाठी २००४ पासून गावोगावी हा शब्द पुन्हा वापरात आणला गेला. इस्लामपूर्व अरबस्तानात बलदंड टोळीप्रमुख आपल्यापुरती कुरणे अडवीत. पैगंबरांनी ती खासगी अडवणूक बंद केली आणि सार्वजनिक कामासाठीच हिमा ठेवला. पुढे खलिफा उमर यांनी एका हिम्याच्या राखणदाराला बजावले: चार उंट, चार मेंढ्यावाल्याला आत सोड, इब्न औफ आणि इब्न अफ्फान या श्रीमंतांच्या कळपांना सोडू नकोस. त्यांची जनावरे मेली तर त्यांना खजुरीच्या बागा आणि शेती आहे. गरिबाची मेली तर तो पोराबाळांसह माझ्या दारात येईल, आणि गवत देणे मला सोन्याचांदीपेक्षा स्वस्त पडेल. हे इब्न अफ्फान म्हणजे उस्मान. उमर यांच्यानंतर तेच खलिफा झाले, आणि विरोधकांनी त्यांच्यावर जे आरोप ठेवले त्यांत हिमा वाढवल्याचाही एक होता.