‘ध’चा ‘मा’ आणि पलंगावरचा तपास

लोणावळ्यात पाऊस लागला की चार-चार दिवस घराबाहेर पडवत नाही. इथल्या बंगल्यांत सुटीला येणारी मंडळी इंग्रजी पुस्तके मागे टाकून जातात आणि ती यथावकाश रद्दीवाल्याकडे येतात. तिथेच मला जोसेफिन टे या बाईंची ‘द डॉटर ऑफ टाइम’ ही 1951 सालची कादंबरी मिळाली. शेवटची पाने शाबूत आहेत ना, एवढे आधी पाहून घेतले. रहस्यकथा घेताना ही खबरदारी हवीच.

पाय मोडून इस्पितळात पडलेला स्कॉटलंड यार्डचा अधिकारी ग्रँट एक जुने चित्र पाहतो. चित्र इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे. 1483 मध्ये गादी बळकावून त्याने दोन कोवळ्या पुतण्यांना मारविले, असे तिथली शाळकरी पोरेही सांगतात. ग्रँटला तो चेहरा खुन्याचा वाटत नाही. मग पलंगावरूनच तपास सुरू होतो. हे लिहिले कोणी? तेव्हा राज्य कोणाचे होते? फायदा कोणाचा झाला? पाठलाग नाही, पिस्तूल नाही, तरी रात्री दोनपर्यंत मी दिवा मालवला नाही. चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याची बाईंची हौस मात्र पटली नाही. त्या हिशेबाने आमच्या गल्लीतले निम्मे सज्जन तुरुंगात जातील.

गादी, काका, पुतण्या! मराठी वाचकाला दुसरे काय आठवणार?

30 ऑगस्ट 1773. गणपतीचे दिवस. थकलेला पगार मागायचे निमित्त करून गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे काकांच्या समोर मारले गेले. आठवीत गुरुजींनी मारेकऱ्यांची नावे वाचली: सुमेरसिंग, खरकसिंग, तुळाजी पवार, मुहम्मद युसूफ. शेवटच्या नावाला सारा वर्ग वळून माझ्याकडे पाहू लागला. मी घरी येऊन अब्बांना विचारले, “तो आपला कोण?” अब्बा शिवणयंत्रावर होते. मान वर न करता म्हणाले, “त्याला पाठवला कोणी, ते गुरुजींना विचारून ये.”

मी काही विचारले नाही. पुढे बी.ए.ला इतिहास घेतला, तेव्हा तो प्रश्न पुन्हा भेटला. ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ केलेला कागद रामशास्त्र्यांच्या हाती लागला, ही हकिकत ग्रँट डफने 1826 मध्ये छापलेल्या इतिहासात दिली आहे. (आडनावाचा योगायोग पाहा!) अक्षर फिरवल्याचा आळ आनंदीबाईंवर आला. आपण सगळे हा बदल बालबोध अक्षरांत गिरवून पाहतो. पेशव्यांचे दफ्तर मोडीत चाले. कादंबरीतल्या ग्रँटने आधी मोडी जाणणारा माणूस पलंगाशी बोलावला असता. नंतर विचारले असते की, लेखणी बायकोच्या हाती दिली, म्हणजे नवऱ्याच्या माथी फक्त ‘धरा’ म्हटल्याचा दोष उरतो. ही गोष्ट कोणाच्या सोयीची? रामशास्त्र्यांनी मात्र दोष राघोबादादांच्याच पदरी घातला आणि पुणे सोडले.

या खुनाचे एक प्रकरण आमच्या मावळात घडले. दादा इंग्रजांकडे गेले, 1775 मध्ये सुरतेचा तह झाला आणि त्यांना गादीवर बसवायला निघालेली फौज बोरघाट चढून खंडाळ्याला आली. 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रू असूनही त्याच्या धाडसावर खूश होऊन लोकांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ केला. वडगावला त्याची समाधी दाखवतात. फौज तळेगावपर्यंत गेली, तर गाव ओस आणि दाणागोटा नाही. परत फिरताना वडगावात मराठ्यांनी तिला कोंडले, इंग्रजांना तह करावा लागला आणि दादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले. लोकलने पुण्याला जाताना वडगाव आले की मी अजून खिडकीशी सरकतो.

ती कादंबरी माझ्या पुतण्याने मागून नेली आहे, परत केलेली नाही. काका म्हणून मी दोनदा निरोप धाडला. तोंडीच, लिहून नव्हे.